चोवीस आटे

१

हिरामण भोयेला खड्ड्यातून वर काढलं तेव्हा रविवारचे सहा वाजले होते आणि वाघतळ्यावरचं ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं.

ललिता देवरे धावतच पोहोचली. नाशिकच्या पूर्वेला, शहर संपून द्राक्षबागा सुरू होतात तिथे तळ्याकाठी सांडपाणी शुद्धीकरण केंद्र होतं. तिथल्या प्रयोगशाळेची ती प्रमुख. निरोप एवढाच आला होता, "बायपासच्या खड्ड्यात माणूस पडलाय."

खड्डा आठ फूट खोल होता. तळाशी एक मोठा व्हॉल्व्ह. शहराचं घाण पाणी एरवी केंद्राच्या टाक्यांमधून फिरून, स्वच्छ होऊन तळ्यात जायचं. हा व्हॉल्व्ह उघडला, की तेच पाणी काहीही न होता थेट तळ्यात जाई. म्हणून तो कधीच उघडायचा नाही असा दंडक होता, आणि दोन वर्षांत तो उघडल्याची कुठेही नोंद नव्हती.

पोलीस हवालदार लोखंडी पायऱ्यांनी खाली उतरला, त्यानं हिरामणच्या काखेतून दोर बांधला आणि घाम पुसत वर आला. व्यवस्थापक अमित सबनीस आणि मुख्य ऑपरेटर वाल्मीक आहेर यांनी दोर ओढला. देह काठाशी आला तसा दोघांनी त्याला उघड्या हातांनी धरून वर घेतलं. सबनीसांच्या करंगळीतली मोत्याची चांदीची अंगठी चिखलानं माखली. वाल्मीककाकांना हुंदका आवरेना.

"झाकण उघडं दिसलं म्हणून डोकावलो," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. "तर हा खाली."

चौतिसाव्या वर्षी गेलेला हिरामण केंद्राचा व्हॉल्व्हमन होता. सुरगाण्याकडचा, मोजकं बोलणारा. त्याच्या नाकातोंडावरून सरकलेलं एक ओलं फडकं गळ्यात अडकलं होतं. खाली त्याचा मोठा पाना सापडला. आणि सापडली देशी दारूची एक बाटली.

हवालदारानं बाटली उंच धरली. "घ्या. आज सुट्टी होती ना याची? पिऊन आला आणि पडला."

"गॅस असेल," ललिता म्हणाली. "सांडपाण्याचा गॅस एका श्वासात माणसाला पाडतो."

"मग मी कसा जिवंत वर आलो, मॅडम?"

ललितानं बाटलीकडे पाहिलं. खड्ड्याच्या भिंती वीतभर उंचीपर्यंत ओल्या आणि शेवाळलेल्या होत्या, हिरामणचे कपडे निथळत होते. बाटलीवरचा कागद मात्र कोराकरकरीत, कोरडा होता.

२

सोमवारी सकाळी सबनीसांच्या खोलीत जबाब लिहिले गेले. सबनीस चाळिशीचे, इस्त्रीच्या शर्टातले. पाण्यातलं त्यांना फारसं कळत नसे, पण कागद कुठे अडतो आणि कुठे सुटतो हे नेमकं कळे. बुधवारी बाहेरून तपासणी पथक यायचं होतं. केंद्रातून तळ्यात जाणारं पाणी कसं आहे ते पाहायला.

"सुट्टीच्या दिवशी, दारूच्या नशेत, परवानगीशिवाय आवारात शिरला," सबनीस म्हणाले. "दुःख आहेच, पण वस्तुस्थिती आहे. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होता, हवालदारांनी स्वतः पाहिलाय. म्हणजे बायपासचा यात संबंध नाही. देवरे मॅडम, तुम्ही इथे सही करा."

"वाचून करते," ललिता म्हणाली, आणि कागद घेऊन बाहेर आली.

बाहेर पायरीवर फुलाबाई बसली होती, हिरामणची बायको. तळ्याच्या पलीकडच्या काठावर पंधरा-वीस झोपड्यांची वस्ती होती. पेठ-सुरगाण्याहून द्राक्षांच्या कामाला आलेली आणि मग तिथेच राहिलेली माणसं. ती तिथली. पोलिसांनी तिला नवऱ्याच्या वस्तू दिल्या होत्या, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत.

तिनं पिशवीतून एक कडं काढून ललितापुढे धरलं. "बाई, हे परत द्या त्याह्नला. हे दुसऱ्या कोणाचं हाय."

"का गं?"

"त्याचं चांदीचं व्हतं. त्याच्या आईनं घातलेलं. मी होळीला चिंच लावून घासलं, पांढरंशुभ्र. आन् हे बघा, लोखंडाचं."

कडं खरंच काळं कुळकुळीत होतं. ललितानं ते हातात घेतलं. वजन लोखंडाचं नव्हतं. तिनं पदराचं टोक घेऊन एका जागी जोरात घासलं. काळ्याखालून पांढरी रेघ उजळली.

"हे त्याचंच आहे, फुलाबाई."

"मंग काळं कसं झालं? एका दिसात?"

ललिताला ते शाळेपासून माहीत होतं. सडक्या अंड्यासारखा वास येणारा सांडपाण्याचा तो गॅस चांदीला लागला, की चांदी काळी पडते. थोडा असेल तर महिने लागतात. भरपूर असेल तर एक दुपार पुरते.

म्हणजे खड्ड्यात गॅस होता. हवालदार उतरला तेव्हा नव्हता, पण हिरामण उतरला तेव्हा होता. आणि कोरड्या खड्ड्यात गॅस आपोआप येत नाही. तो येतो घाण पाणी त्यातून वाहिलं तर.

"बायपास उघडला होता," ती स्वतःशीच पुटपुटली.

फुलाबाईनं मान वर केली. "तो जुना पाइप ना? व्हय. त्याच्यापायीच तर तो गेला."

३

"मला सगळं सांग," ललिता तिच्याजवळ खाली बसली. "पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"त्याह्ननी इचारलंच नाय. दारू प्याचा का एवढंच इचारलं. मी म्हटलं, नाय. त्याह्ननी लिहिलं नाय."

रविवारी दुपारी हिरामण जेवायला बसला होता. नागलीची भाकरी मोडली आणि समोर तळ्याकडे बघता बघता थांबला. एरवी कोरडा पडलेला तो जुना पाइप भदाभदा वाहत होता. त्याच्या तोंडापासून शे-दीडशे पावलांवर वस्तीचा झिरा, काठच्या वाळूत उकरलेला पाण्याचा खड्डा. वस्ती तेच पाणी पीत असे.

"म्हणाला, कोणी तरी व्हॉल्व खोलला, मी बंद करून येतो. भाकर झाकून ठेव." फुलाबाई सांगत होती. "तेव्हा एक वाजला असंल."

"आणि वस्तीला काही म्हणाला? पाणी पिऊ नका वगैरे?"

"म्हणाला, मी येईस्तोवर भरू नका. तो आलाच नाय. मंग कोण ध्यान ठेवतं, बाई? घरात माणूस मेलं."

नुसतं शहराचं घाण पाणी गेलं असेल तर वस्तीला आजचा दिवस उकळून प्यायला सांगता येईल, असा ललितानं विचार केला. तिनं तसं सांगितलं, फुलाबाईला घरी पाठवलं आणि ती आत वळली. एक प्रश्न मात्र तिला सोडेना. व्हॉल्व्ह उघडला कोणी, आणि का?

तो उघडायला खाली उतरावं लागत नसे. सात फुटी लोखंडी चावी होती, वर आडवी मूठ असलेली. झाकणातल्या भोकातून ती सोडायची आणि वरूनच फिरवायची. चोवीस आटे फिरवले की पूर्ण उघडा, उलटे चोवीस की पूर्ण बंद. ती चावी जाळीच्या खोलीत खुंटीवर असे. आत्ताही तिथेच होती.

काल दुपारी ती तिथे असती, तर हिरामण पाना घेऊन खाली उतरलाच नसता. त्याच्याइतकं गॅसचं भय दुसऱ्या कोणाला नव्हतं. म्हणून तर त्यानं तोंडावर ओलं फडकं बांधलं होतं. पिऊन पडणारा माणूस तोंड बांधून पडत नाही.

जाळीच्या खोलीत योगेश होता, पंचविशीचा शिफ्ट ऑपरेटर. शहराचं पाणी जिथून आत येतं तिथे उभं राहायचं, कचरा अडवायचा आणि तासातासाला एक बाटली भरून ठेवायची, हे त्याचं काम.

"काल बारा ते तीन तू कुठे होतास?"

"इथेच, मॅडम."

ललितानं फ्रिज उघडून कालच्या बाटल्या बाहेर काढल्या. सकाळची प्रत्येक बाटली वेगळ्या रंगाची होती. आंघोळीच्या वेळचं पाणी वेगळं, धुण्याच्या वेळचं वेगळं. बारा, एक, दोन आणि तीनची मात्र जुळ्या भावंडांसारखी.

"या चारही तू एकदमच भरल्यास."

योगेशचा चेहरा पडला. "आईशप्पथ, मॅडम, मी व्हॉल्व्हला हात नाही लावला. पाकिस्तानातली मॅच होती. सातपूरला भावाच्या वर्कशॉपवर टीव्ही आहे. बाराला गेलो, तीन वाजून गेल्यावर आलो. कोणाला कळणार नाही वाटलं. वाल्मीककाका होते ना इथे."

"सबनीस साहेब?"

"साहेब निफाडला लग्नाला. पाचला आले. गाडी मीच धुतली, अक्षतांनी भरली होती."

तीन तास केंद्रात एकटे वाल्मीककाका.

४

वाल्मीक आहेर पंचावन्न वर्षांचे होते, येवल्याचे. वडील पैठणी विणायचे, हे यंत्रांत रमले. केंद्र सुरू झालं तेव्हा टाकीत जिवाणू नव्हते. दुसऱ्या गावच्या टाकीतून काळा गाळ पिंपांत भरून काकांनीच आणला होता. त्या गाळातले जीव त्यांनी तीन महिने वाढवले, हवा दिली, रात्री उशाशी गजर लावून उठले. हे जीवच शहराची घाण खातात, तेच खरे कामगार, असं ते म्हणत. ललिता नवी होती तेव्हा तिला मायक्रोस्कोपखाली त्यांनीच दाखवलं होतं. देठावर डोलणारे घंटेसारखे इवलेसे जीव. "हे डोलत असले ना बाई, की समजायचं तळं सुखरूप आहे."

ती टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या खोलीत गेली तेव्हा ते डब्यासमोर नुसते बसले होते.

"काका, काल दुपारी तुम्ही त्या बाजूला गेला होतात?"

"नाय. ब्लोअरचा पट्टा सरकत व्हता, इथनं हललो नाय. सहाला फेरी मारली, तेव्हा दिसला."

त्यांचा हात टेबलावर होता. वडिलांची जाड चांदीची अंगठी काळवंडलेली होती. तिची नजर तिथे गेलेली पाहून त्यांनी हात मागे घेतला. "हिरामणला वढताना झालं. काय वंगाळ चिखल व्हता."

ललिताला ते पटलं. पटवून घ्यावंसं वाटलं, असं म्हणणं जास्त खरं.

ती खड्ड्याकडे गेली. दोरीला डबा बांधून तळाशी साचलेलं ओंजळभर पाणी तिनं वर काढलं. व्हॉल्व्हच्या सांध्यातून, तो उघडा असताना, उडालेलं पाणी. रंग किंचित हिरवट. शेवाळाचा असेल.

प्रयोगशाळेत तिनं त्यात आम्ल मोजायचा कागद बुडवला. कागद लालभडक झाला.

शहराचं सांडपाणी कधीच इतकं आंबट नसतं. तिनं आणखी एक परीक्षा केली. परीक्षानळीत पाणी घेतलं, अमोनिया टाकला आणि एका द्रावणाचे चार थेंब सोडले. क्षणभर काहीच झालं नाही. मग नळीत गुलाबासारखा लाल गोळा धरला.

निकेल. धातूवर मुलामा चढवणाऱ्या कुठल्या तरी कारखान्यानं आपलं तेजाबी पाणी गुपचूप गटारात सोडलं होतं. आता सगळं जुळत होतं. तेजाब सांडपाण्यात मिसळलं की तो गॅस उकळल्यासारखा बाहेर पडतो. खड्डा त्यानं काठोकाठ भरला असणार.

तिनं टाकीतल्या पाण्याचा थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला. घंटा डोलत होत्या, मजेत. विषाचा एक थेंबही त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता.

मग सगळं विष गेलं कुठे?

तिनं नळी स्टँडवर टाकली आणि ती सबनीसांच्या खोलीकडे पळत सुटली. हे विष उकळून जाणारं नव्हतं. उकळलं तर उलट घट्टच होणार होतं.

५

"कुठेही फोन करायचा नाही," सबनीस म्हणाले. "आधी खात्री करा. बाहेरच्या प्रयोगशाळेकडे नमुना पाठवा. बुधवार झाला की..."

"साहेब, वस्तीवर माणसं ते पाणी पितायत. मीच सकाळी उकळून प्या म्हणून सांगितलं."

"आणि तुमचा अंदाज चुकला तर? केंद्राचं नाव पेपरात येईल. तुमचंही."

ललितानं टेबलावरचा फोन उचलला. सबनीसांनी हुकावर बोट ठेवलं. त्या करंगळीतली अंगठी खिडकीच्या उजेडात चमकली. मोती आणि भोवतीची चांदी, दोन्ही लख्ख.

ती त्या बोटाकडे बघतच राहिली. सबनीसांनी गोंधळून बोट काढून घेतलं.

"अंगठी घासलीत का हो तुम्ही?"

"काय?"

"कालपासून. घासलीत? पॉलिश केलीत?"

"साबणानं हात धुतले. का?"

ललितानं आरोग्य केंद्राचा नंबर फिरवला, जेवढं माहीत होतं तेवढं धडाधडा सांगितलं, पाण्याचा टँकर आणि डॉक्टर मागितले. मग योगेशला हाक मारली. "गाडी काढ. तळ्याच्या पलीकडे. लवकर."

वस्तीवर सुतकाची शांतता असेल असं तिला वाटलं होतं. तिथे रडारड होती. तीन पोरं आणि एक म्हातारी उलट्या करून लोळागोळा झाली होती. काल जेवणात काही तरी आलं असेल, असं लोक म्हणत होते. कोणी त्यांना लिंबाचं सरबत पाजत होतं, त्याच पाण्याचं.

"ओता ते!" ललिता ओरडली. "सगळ्या हंड्यांतलं ओता. झिऱ्यावर कोणी जायचं नाही."

कोणी हललं नाही. शहरातून आलेली बाई, नवऱ्याच्या सुतकात बसलेल्या बाईच्या दारात उभी राहून पाणी सांडायला सांगत होती. फेब्रुवारीत बोअर आटल्यापासून इथे पाण्याचा थेंब मोजून वापरत होते.

फुलाबाई उठली. दाराशी भरलेला हंडा होता, तो तिनं पायानं उलटा केला. "तो म्हणाला व्हता भरू नका," ती सगळ्यांना म्हणाली. "मी इसरले. ओता."

मग एकामागून एक हंडे उलटे झाले.

ललिता आणि योगेशनं झिऱ्यावर दगड आणि काटेरी फांद्या रचल्या. तासाभरानं डॉक्टर आले, मागोमाग टँकर. डॉक्टरांनी पोरांना तपासलं, सगळ्यांत धाकट्या मैनाला सलाइन लावून गाडीत घातलं. ललितानं त्यांना तोपर्यंत चार वेळा विचारलं होतं. पाचव्यांदा ते तिच्याकडे वळले.

"वाचतील. दोन दिवस आणखी प्यायले असते तर मी हे म्हटलं नसतं."

परत येताना योगेश गाडी चालवत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "मी तिथे असतो तर मला पाण्याचा रंग दिसला असता, मॅडम."

"दिसला असता," ललिता म्हणाली. त्याला बरं वाटेल असं काही खोटं बोलायला आज तिच्याकडे जागा नव्हती. "पण तो दुसऱ्या कोणाला तरी दिसलाच होता."

६

वाल्मीककाका टाकीच्या कठड्याशी उभे होते. खाली पाणी हवेनं खदखदत होतं.

"वस्तीवरची पोरं आजारी आहेत, काका," ललिता म्हणाली.

त्यांनी कठडा घट्ट धरला. "कितीजण?"

"का झालं असं नाही विचारलंत. किती, असं विचारलंत."

ते पाण्याकडे वळले.

"मी तुम्हाला सांगते काय झालं ते. चुकलं तर थांबवा. दुपारी बाराच्या सुमाराला जाळीपाशी हिरवं, तेजाबी पाणी आलं. योगेश नव्हता, साहेब निफाडला. ते ओळखू शकणारा इथे एकच माणूस होता. ते टाकीत शिरलं असतं तर तासाभरात सगळे जीव मेले असते. म्हणून त्या माणसानं टाकीचं दार लावलं, चावी घेतली आणि बायपास उघडला. मग दुसऱ्या कोणी चुकून बंद करू नये म्हणून चावी खुंटीवर न ठेवता आपल्याजवळ ठेवली."

"योगेश पण खोटं सांगत आसंल. मॅचला गेला नसंल."

"योगेशला जिवाणूंची एवढी माया नाही. आणि तुमची अंगठी काळी आहे, काका."

"ते हिरामणला वढताना..."

"साहेबांनीही त्याला ओढलं. तोच चिखल, तीच वेळ, तेच उघडे हात. त्यांचीही अंगठी चांदीचीच आहे. आज लख्ख आहे. सहा वाजता खड्ड्यात गॅस उरलाच नव्हता, म्हणून तर हवालदार जिवंत वर आला. तुमची अंगठी काळी झाली ती त्याआधी. गॅस होता तेव्हा तुमचा हात तिथे होता."

काकांनी अंगठीकडे पाहिलं. ते खाली, कठड्याला टेकून बसले.

"तीनला पाणी साफ झालं," ते म्हणाले. "चावी घेऊन बंद कराया गेलो. बघतो तर झाकण उघडं. हिरामण खाली, पालथा. हाक मारली. लय हाका मारल्या, बाई. पालथा पडून हात खाली घातला, शर्टाची कॉलर धरायला. पुरला नाय. डोकं गरगरलं, उलटी झाली. कळलं की गेला."

"तुम्हाला कळलं? तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाय."

"उतरला असतात तर तुम्हीही गेला असतात, मान्य. पण गेटवर वॉचमन होता, खोलीत फोन होता. तुम्ही काय केलंत?"

"व्हॉल्व बंद केला." त्यांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "ब्लोअरचा पाइप वढत नेऊन हवा सोडली, दुसरं कोणी मरू नये म्हणून. मग वाटलं, बायपास उघडला हे कळलं तर... कुंपणापाशी बाटली पडली व्हती."

"ती कोरडी होती. खड्ड्यात सगळं भिजलेलं आणि बाटली तेवढी कोरडी."

"मला सुचलंच नाय काही."

"नाही, काका. ते सुचलं. तोंड बांधून, हातात पाना घेऊन पाणी अडवायला गेलेल्या माणसाला दारुडा ठरवायचं सुचलं. वस्तीला एक निरोप पाठवायचं तेवढं सुचलं नाही."

त्यांनी मान वर केली. डोळे लाल झाले होते, पण आवाजात अचानक धार आली. "मग काय करायचं व्हतं मी? तुमीच सांगा. ते पाणी आत घेतलं असतं तर ही टाकी मेली असती. पुन्हा उभी राहायला महिना. महिनाभर सगळ्या शहराची घाण रोज तळ्यात गेली असती. त्या वस्तीच्या तोंडात, आन् खालच्या दहा गावांच्या. मी तीन तास सोडलं. महिन्याच्या जागी तीन तास. हिशेब चुकला का माझा?"

त्या जागी ललिता असती तर तिनंही बायपास उघडला असता, हे तिला ठाऊक होतं. तेच तिला सहन होत नव्हतं.

"नाही चुकला," ती म्हणाली. "व्हॉल्व्ह उघडलात, ते बरोबर. फक्त उघडायच्या आधी तळ्यापलीकडे एक माणूस पळवायचा होता. 'पाणी भरू नका' एवढंच सांगायला. तुम्ही सांगितलं असतंत तर हिरामणला यावंच लागलं नसतं. तो जेवत होता, काका."

वाल्मीक आहेरांनी दोन्ही हातांत तोंड लपवलं.

मघापासून मागे उभे असलेले सबनीस पुढे आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मॅडम, हे बुधवारनंतर सांगितलं तर..."

"साहेब," काकाच म्हणाले. ते उठले, शर्ट झटकला. "फौजदाराला बोलवा. मी सांगतो. माझ्या तोंडानं सांगतो."

७

फौजदार यायला तास लागला. जीपमध्ये बसायच्या आधी वाल्मीककाका ललितापाशी थांबले.

"एक राहिलं सांगायचं. मी बारा वाजता पुरते चोवीस आटे उघडले व्हते. तीनला बंद कराया चावी लावली, तर चारच फिरले. मला आधी कळंना. मग कळलं. वीस त्यानं केले व्हते. हातानं. पान्यानं. तसल्या हवेत."

जीप गेली. ललिता तिथेच उभी राहिली. चारच आटे उघडे म्हणजे पाण्याची फक्त चिळकांडी. भदाभदा वाहणारं विष त्यानं दीडच्या आसपासच अडवलं होतं; बाकीचं, टाकीचं दार लावलेलं असल्यानं, मागे गटारातच तुंबून विरत गेलं होतं. म्हणून डॉक्टर "वाचतील" म्हणू शकले.

मंगळवारी सकाळी ती वस्तीवर गेली. टँकरपाशी रांग होती. मैना कालच्या सलाइनची पट्टी सगळ्यांना दाखवत फिरत होती. फुलाबाईच्या दाराशी ललिता बसली आणि तिनं जे घडलं ते क्रमानं सांगितलं, काही न लपवता. उघडणाऱ्याचं नाव, बाटली, सगळं.

शेवटी फुलाबाईनं एकच विचारलं.

"त्यानं केला का बंद, तो पाइप?"

"चोवीस आटे असतात त्याला. वीस त्यानं केले."

फुलाबाई तळ्याकडे बघत राहिली. ओठ हलत होते. मोजत असावी.

"आन् कागदावर? तिथं अजून दारूच लिवलंय?"

"नाही. तो जबाब मी सही न करता परत दिला. आज नवा लिहितायत. त्याचा कच्चा कागद मी आणलाय, तुला वाचून दाखवायला." ललितानं पिशवीतून कागद काढला आणि सावकाश वाचला. "मयत हिरामण भोये हा सुट्टीच्या दिवशी, स्वतःहून, तळ्यात जाणारं विषारी पाणी बंद करण्यासाठी खड्ड्यात उतरला आणि..."

"थांबा, बाई." फुलाबाईनं कागदावर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी बोट नेमकं पहिल्या ओळीवर पडलं. "नाव पुरं लिवा."

ललितानं पेन उघडलं.

"हिरामण केरू भोये," फुलाबाई म्हणाली, आणि शेवटचं अक्षर उमटेपर्यंत तिनं बोट उचललं नाही.